विड्याचा राजा, मसुराचा शत्रू: भेंडवळची घटमांडणी आणि चीनची कासवाची पाठ

हेडफोन नीट लावा, कारण आज आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शेतातून निघून थेट तीन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये जाणार आहोत आणि परत येणार आहोत. विषय आहे भाकणूक. पण 'भविष्य खरं असतं का' हा आपला प्रश्न नाही, त्यावर घरोघरी भरपूर भांडणं झालेली आहेत. आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. भविष्य सांगताना जे शब्द वापरतात, जी नावं घेतात, त्यांचा अर्थ कोण ठरवतं? आणि तो कधी ठरतो, आधी की नंतर?

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. आमच्याकडे एखाद्या व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं, तर सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी ते नाव वाचून भलताच अर्थ काढतो आणि रात्री दोनला फोन वाजतो. भाकणुकीत हेच घडतं, फक्त तिथं फोन वाजत नाही. तिथं पेरणी होते.

तर सुरुवात भेंडवळपासून. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. नाव ऐकलं नसेल असा विदर्भातला किंवा खानदेशातला शेतकरी शोधून सापडायचा नाही. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचं निरीक्षण होतं आणि वर्षाचं भाकीत जाहीर होतं. पाऊस कसा, कोणतं पीक कसं, भाव काय, रोगराई येणार का, देशाचं काय होणार, सगळं. ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली आणि ती सुमारे साडेतीनशे वर्षांची आहे, असं सांगितलं जातं. आजही वाघ घराण्यातलेच लोक ती चालवतात. निकाल ऐकायला पहाटेच गर्दी जमते, आणि आता तर सूर्य वर यायच्या आत तो व्हॉट्सॲपवर फिरत असतो.

मांडणी डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर एक मोठं गोल रिंगण. रिंगणाच्या कडेनं अठरा प्रकारची धान्यं मांडलेली: गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अंबाडी, करडी, मसूर, भादली वगैरे. मधोमध एक खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, करंजी, भजं, वडा असे पदार्थ. आणि तिथंच पानाचा विडा. रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही. पहाटे बघायचं, कोणते दाणे जागचे हलले, कोणते आत गेले, कोणते बाहेर पडले, ढेकूळ किती भिजलं, विडा आहे तिथंच आहे का.

आता खरी गंमत. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक नाव आहे, आणि प्रत्येक नावाला एक ठरलेला अर्थ आहे. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे देशाची तिजोरी. सांडोई-कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा. विडा म्हणजे राजा. ज्वारी म्हणजे ज्वारीच आणि सरकी म्हणजे कपाशी, इथपर्यंत सरळ आहे. पण मसूर म्हणजे शत्रू. करडी म्हणजे देशाचं संरक्षण. भादली म्हणजे रोगराई.

थोडं थांबा इथं. यात दोन जातीची नावं आहेत. काही नावं चित्रासारखी आहेत, बघितलं की पटतं. करंजीच्या पोटात सारण असतं, म्हणजे ती तिजोरी. पुरी गोल असते आणि 'पुरी' नि 'पृथ्वी' हे उच्चारही जवळचे. पण मसूर शत्रू का? दाणा बघून हे कळणार नाही. ते आधी कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं. म्हणजे घटाला स्वतःचा एक शब्दकोश आहे, आणि तो शब्दकोश मांडणीत दिसत नाही. तो वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. रिंगणाचा फोटो तुम्हाला मिळाला, तरी शब्दकोशाशिवाय तुम्ही त्यातलं अक्षरसुद्धा वाचू शकत नाही.

आता 'राजा' घ्या. परंपरा सुरू झाली तेव्हा राजा म्हणजे राजाच होता, गादीवर बसलेला. आज विडा जागेवर असला की 'राजा कायम' असं भाकीत होतं. ऐकणारा लगेच त्याचं भाषांतर करतो: राजा म्हणजे पंतप्रधान. हे भाषांतर इतकं पक्कं बसलंय, की निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात राजकीय भाकीत जाहीर न करण्याची वेळही आलेली आहे. विचार करा, एका पानाच्या विड्याला आचारसंहिता लागू होते! कारण विडा म्हणजे राजा आणि राजा म्हणजे पंतप्रधान, या दोन्ही पायऱ्या लोक न बोलता चढतात. पण दुसरी पायरी जुनी नाही. मतदानानं पाच वर्षांसाठी निवडलेला माणूस आणि गादीचा वारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'राजा कायम' म्हणजे तोच माणूस कायम, तोच पक्ष कायम, की सरकार नावाची व्यवस्था कायम? शब्द एकच, आणि तिन्ही अर्थ त्यात आरामात बसतात.

दुसरा शब्द 'मोघम'. भेंडवळच्या बातम्यांत हा दरवर्षी दिसतो. तूर मोघम, उडीद मोघम. पुण्यामुंबईच्या मराठीत मोघम म्हणजे अस्पष्ट, गोलगोल, धड हो नाही आणि धड नाही नाही. भाकितात त्याचा अर्थ साधारण, मध्यम, कुठं बरं तर कुठं कमी, असा घेतात. आता शहरातला वाचक ती बातमी वाचून हसतो: 'अरे, भविष्यच मोघम!' आणि गावातला शेतकरी तोच शब्द वाचून हिशेब करतो: तुरीचं क्षेत्र थोडं कमी करू का? एकाच भाषेतले दोन वाचक आणि दोन भाषांतरं. शिवाय 'कुठं बरं तर कुठं कमी' हे पीक कोणत्या वर्षी नसतं?

बरं, आता उडी मारूया. हे फक्त आपल्याकडचं आहे असं वाटत असेल, तर चीनकडं बघा. तिथं हाच प्रश्न शेकडो विद्वानांनी सव्वाशे वर्षं सोडवायला घेतलाय, आणि त्यात सापडलेल्या गोष्टी भेंडवळ समजून घ्यायला भारी उपयोगी आहेत.

उत्तर चीनमधल्या आनयांगजवळ शेतकऱ्यांना नांगरताना जुनी हाडं सापडायची. ती औषधाच्या दुकानात 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकली जायची आणि कुटून औषधात जायची. १८९९ मध्ये वांग यिरोंग नावाच्या अधिकाऱ्यानं ओळखलं, की या हाडांवरच्या खुणा म्हणजे जुनी लिपी आहे. नाव बदललं आणि वस्तूच बदलली: काल औषध होतं, आज इतिहास झाला. ही हाडं होती शांग राजघराण्याची, सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या आसपासची. कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचे, मागच्या बाजूनं खोबणी करून तिथं तापलेलं काहीतरी टेकवायचे. पुढच्या बाजूला तडा जायचा. तो तडा वाचायचा. तड्यासाठीचं चिनी अक्षरही तड्यासारखंच दिसतं, एक उभी रेघ आणि तिला फुटलेला फाटा. आणि मग प्रश्न, कधीकधी उत्तरही, हाडावर कोरून ठेवायचे. पाऊस पडेल का? पीक येईल का? शत्रू येईल का? विषय ओळखीचे वाटतात ना? ढेकूळ, ज्वारी, मसूर.

असे सुमारे दीड लाख तुकडे आज ज्ञात आहेत. त्यांवर साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि त्यातली साधारण एक तृतीयांशच नक्की वाचता येतात. न वाचलेल्यांत बरीचशी नावं आहेत: माणसांची, गावांची, कुळांची. हे साहजिक आहे. 'पाऊस' हा शब्द शंभर वाक्यांत येतो, म्हणून मागच्यापुढच्या शब्दांवरून कळतो. पण एखाद्या बुडालेल्या गावाचं नाव एकदाच आलं असेल तर ते कशावरून कळणार?

यातली एक भन्नाट गोष्ट सांगतो. बऱ्याच हाडांवर वाक्याची सुरुवात एकाच साच्यात असते: अमुक दिवशी तडा पाडला, मग एक अनोळखी अक्षर, मग 'झन' हा शब्द, मग प्रश्न. मधलं ते अनोळखी अक्षर काय, यावर अभ्यासक अडले होते. गावाचं नाव? हुद्दा? १९३१ मध्ये दोंग झुओबिन या संशोधकानं चार मोठ्या कासवकवचांचा अभ्यास करून दाखवलं, की ते प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं नाव आहे. एका कवचावर तीच ती नावं आलटूनपालटून येतात, म्हणजे ते एकमेकांचे सहकारी होते. मग त्या नावांच्या आधारे कोणतं हाड कोणत्या राजाच्या काळातलं हे लावता आलं, आणि १९३३ मध्ये त्यानं सगळ्या हाडांची पाच कालखंडांत विभागणी मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं लॉग फाइलमधली युजरनेमची कॉलम ओळखली. एका कॉलमचं नाव कळलं आणि अख्खा डेटा तारखेवार लावता आला.

आणि 'झन' शब्दाचं काय? हा तर आणखी मोठा किस्सा. चीनमध्ये भाकणुकीचा प्रसिद्ध ग्रंथ आहे ई-चिंग. त्यातही हा शब्द वारंवार येतो. हजारो वर्षं पंडितांनी त्याचा अर्थ लावला: 'सदाचरण', 'चिकाटी', 'योग्य मार्गाला धरून राहणं'. रिचर्ड विल्हेल्मनं १९२४ मध्ये जर्मन भाषांतर केलं, तेव्हा त्यानंही चिकाटी हाच अर्थ धरला, आणि तिथून तो जगभर गेला. पण हाडं वाचल्यावर दिसलं, की जुन्या काळी 'झन' म्हणजे नुसतं 'कौल लावला', 'भाकणूक केली'. म्हणजे ज्या वाक्याचा अर्थ मुळात 'कौल चांगला' असा होता, ते पुढं 'चिकाटी ठेवल्यास कल्याण' झालं. एका शब्दाचा अर्थ सरकला आणि कौल लावायच्या पुस्तकाचं नीतीचं पुस्तक झालं. यात कुणी लबाडी केलेली नाही. मधल्या काळात शब्दाचा रोजचा वापर बदलला आणि वाचणाऱ्यानं आपल्या काळचा अर्थ जुन्या शब्दात भरला. आपण 'राजा'मध्ये पंतप्रधान भरला, तसंच.

ई-चिंग इंजिनिअर लोकांनी एकदा तरी बघायलाच हवा. त्यात रेघांची चिन्हं आहेत. प्रत्येक चिन्हात सहा रेघा, प्रत्येक रेघ अखंड किंवा तुटलेली. म्हणजे सहा बिट. दोनचा सहावा घात, चौसष्ट. म्हणून चिन्हं बरोबर चौसष्टच. जर्मन गणितज्ञ लायबनिट्झ शून्य आणि एकच्या अंकपद्धतीवर काम करत होता, तेव्हा चीनमध्ये राहणाऱ्या बूव्हे नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं त्याला या चिन्हांचा तक्ता पाठवला. लायबनिट्झ खूश झाला आणि १७०३ मध्ये त्यानं बायनरीवर जो लेख छापला त्यात या चिन्हांचा उल्लेख केला. त्याला वाटलं, प्राचीन चिनी लोकांना बायनरी गणित माहीत होतं. प्रत्यक्षात त्या रेघा गणितासाठी नव्हत्या, कौलासाठी होत्या. इतका हुशार माणूस, पण त्यानंही समोरच्या खुणांत आपल्याच कामाचा अर्थ वाचला.

चिन्हं चौसष्ट, आणि प्रत्येकाला एक नाव. आता खरी कसरत ही की त्या नावांचं भाषांतर कसं करायचं. छत्तिसावं चिन्ह घ्या. परंपरेनं त्याच्या नावाचा अर्थ 'जखमी झालेला प्रकाश', म्हणजे अंधारून येणं, वाईट काळ. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी म्हटलं, अहो, खालच्या ओळींत तर उडण्याचं आणि पंख खाली पडण्याचं वर्णन आहे, हे एखाद्या पक्ष्याचं नाव दिसतंय! एकाच नावाचा एकीकडं अर्थ आहे अंधार आणि दुसरीकडं पाखरू.

त्यात १९७३ मध्ये मावांगदुई इथल्या थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेली ई-चिंगची प्रत सापडली. थडगं इसवी सनापूर्वी १६८ मधलं. या प्रतीत कित्येक चिन्हांची नावंच वेगळी निघाली. छापील परंपरेत पहिल्या चिन्हाचं नाव 'आकाश' या अर्थाशी जोडलेलं, इथं त्या जागी 'अडसर, कडी' अशा अर्थाचं अक्षर. दुसऱ्याचं नाव 'पृथ्वी'शी जोडलेलं, इथं 'नदी'चं अक्षर. कदाचित उच्चार जवळचा म्हणून लिहिणाऱ्यानं दुसरं अक्षर वापरलं असेल, कदाचित मूळ अर्थच तो असेल. वाद अजून चालू आहे.

पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह पाचवं. त्याचं नाव 'शू'. त्या अक्षरातच वरच्या बाजूला 'पाऊस' लिहिलेला आहे. चिन्हाची रचना म्हणजे खाली आकाश, वर पाणी. ढग आलेत, पाऊस अजून पडलेला नाही. परंपरेनं अर्थ लावला: 'वाट पाहणं'. पण खालच्या ओळी बघितल्या तर वाळूत, मग चिखलात, असा क्रम येतो. म्हणून काही आधुनिक अभ्यासक म्हणतात, नावाचा मूळ अर्थ 'भिजणं' असावा.

आता हे दोन अर्थ मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या बांधावर उभं राहून ऐका. जून महिना आहे, एक सरी पडून गेलीय, घरात बियाण्याच्या पिशव्या आहेत, आणि कौल निघाला 'शू'. भाषांतरकार म्हणतो 'वाट बघ'. दुसरा म्हणतो 'भिजलं'. पहिल्याचं ऐकलं तर तुम्ही थांबता. दुसऱ्याचं ऐकलं तर तिफण काढता. पुढं पंधरा दिवस पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि कर्ज असेल तर ते वाढीव. एका अक्षराच्या भाषांतरावर एवढं काही असू शकतं. कोरडवाहू शेतीत, कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात, ही कल्पना नाही, दर दोनचार वर्षांनी कुठं ना कुठं घडणारी गोष्ट आहे.

म्हणून कृषी विभागाचा सल्ला काय असतो बघा. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. यात 'वाट पाहा' पण आहे आणि 'भिजलं का' पण आहे. फरक एवढाच, की भिजणं म्हणजे किती हे आधीच आकड्यात बांधून ठेवलंय. पर्जन्यमापक तुमच्या हातात, वाचणारे तुम्ही. तिथं दुसऱ्या कुणाच्या शब्दकोशाची गरज नाही.

कुणी म्हणेल, हवामान खातं तरी काय वेगळं बोलतं? तेही 'सामान्य' म्हणतं, 'सरासरीपेक्षा कमी' म्हणतं. मुद्दा बरोबर आहे, तेही शब्दच आहेत. पण देशाच्या हंगामी अंदाजात 'सामान्य' या शब्दाला हद्द ठरवलेली आहे: दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. ती सरासरी १९७१ ते २०२० या काळाची, ८७ सेंटीमीटर. अंदाज एप्रिलमध्ये येतो, हंगाम सप्टेंबरला संपतो, आणि ऑक्टोबरमध्ये कुणीही बघू शकतं की शब्द बरोबर होता की चुकला. आता इथंही भाषांतराची गफलत होतेच. देशभराचा 'सामान्य' पाऊस ऐकून माणूस समजतो, माझ्या शिवारात चांगला पाऊस. ८७ सेंटीमीटर हा सगळ्या देशाचा आकडा आहे, तुमच्या गट नंबरचा नाही. पण निदान ही गफलत पकडता येते, कारण शब्दाचा अर्थ आधी छापलेला असतो.

मध्ये एक गावरान उदाहरण. पंचांगात नक्षत्राचं वाहन असतं, माहीत असेलच. समजा, मृगाचं वाहन बेडूक, आर्द्राचं वाहन मोर वगैरे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की आजोबा खूश, भरपूर पाऊस. कोल्हा, गाढव आले की चेहरे उतरले. हे वाहन येतं कुठून? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल त्याप्रमाणे प्राणी. कोडची एक ओळ. नाव काढायची रीत इतकी पक्की, की दोन माणसांचं उत्तर वेगळं येऊच शकत नाही. पण 'बेडूक' म्हणजे किती मिलिमीटर, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे अर्धी पायरी पक्की, अर्धी हवेत. भेंडवळच्या घटाचंही तसंच. ढेकूळ भिजलं की नाही, हे सगळ्यांना दिसतं. 'भिजलं म्हणजे चांगला पाऊस' इथपर्यंतही ठीक. पण 'चांगला' म्हणजे किती, आणि कुठं? बुलढाण्यात, विदर्भात, की देशात?

आणि जुन्या शब्दकोशात नवे शब्द नसतात. सोयाबीन आपल्याकडं पसरलं ते गेल्या काही दशकांत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मांडणीत ते असणं शक्यच नव्हतं. आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचं वर्ष सोयाबीनवर उभं आहे, आणि भादली, अंबाडी आता शेतात शोधाव्या लागतात. म्हणजे ज्या पिकाची सगळ्यात जास्त काळजी, त्याचं उत्तर दुसऱ्या कुठल्यातरी नावातून काढावं लागणार. तिथं भाषांतर करणाऱ्याचं काम, आणि जोखीम, दोन्ही वाढतात.

आता शेवटची चिनी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. शांग राजा वू दिंग, त्याची राणी फू हाओ. ती सैन्य घेऊन लढाईवर जायची. १९७६ मध्ये तिचं थडगं जवळजवळ न लुटलेलं सापडलं, त्यामुळे ती आज जगाला माहीत आहे. गंमत म्हणजे तिच्या नावातलं 'हाओ' कसं वाचायचं, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत, काही जण तो कुळाचा शब्द समजून 'झी' वाचतात. तर ही राणी गरोदर होती. कौल लावला: बाळंतपण चांगलं होईल का? राजानं तडा वाचून सांगितलं, अमुक वाराला झालं तर चांगलं, तमुक वाराला झालं तर फारच चांगलं. एकतीस दिवसांनी बाळंतपण झालं, तिसऱ्याच वाराला. आणि त्याच कवचावर पुढं कोरलेलं आहे: चांगलं झालं नाही, मुलगी झाली.

या ओळीचा राग येतो, यायलाच हवा. जन्मलेल्या मुलीचं नाव 'चांगलं नाही' असं कोरणारं ते जग होतं, आणि आपल्याकडंही ते जग पूर्ण संपलेलं नाही. पण दुसरी एक गोष्ट बघा. राजाच्या भाकितात पळवाट होती, 'अमुक वार असेल तर'. तरीही काय झालं ते त्यांनी कोरून ठेवलं. प्रश्न, भाकीत आणि प्रत्यक्ष, तिन्ही एकाच कवचावर. सगळ्या हाडांवर असं नाही, पण जिथं आहे तिथं तीन हजार वर्षांनी आपण बसून ताळा करू शकतो.

भेंडवळच्या बाबतीत अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं अनेकदा आक्षेप घेतलेत, शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय, आणि माझंही मत तेच आहे. रात्री दाणे हलतात ते वाऱ्यानं, मुंग्यांनी, उंदरांनी, दवानं. ढेकूळ भिजतं ते घागरीतल्या पाझरानं. त्यात सप्टेंबरचा पाऊस लपलेला नसतो. पण पहाटे तिथं जाणाऱ्या शेतकऱ्याला येडा म्हणणंही मला जमत नाही. ज्याचं सगळं वर्ष आभाळावर टांगलेलं, त्याला कुणीतरी नावं घेऊन बोलणारं हवं असतं. तूर अशी, कपाशी तशी, तिजोरी अशी. आपण शहरात बसून ॲपवर ढगाचं चित्र बघतो आणि त्यातून 'आज छत्री' असं भाषांतर करतो, ते जरा सोपं आहे, कारण चुकलं तर फक्त शर्ट भिजतो.

म्हणून वाद घालण्यापेक्षा एक साधं काम करा. घरी वही असेल तर वही, नाहीतर फोनमधली शीट. चार रकाने. पहिल्यात भाकीत, ज्या शब्दात आलं त्याच शब्दात: 'मोघम' तर 'मोघम', 'राजा कायम' तर 'राजा कायम'. दुसऱ्यात त्या शब्दाचा अर्थ, आणि तो आजच लिहायचा, हंगामानंतर नाही: मोघम म्हणजे एकरी किती क्विंटल, चांगला पाऊस म्हणजे आपल्या गावात किती मिलिमीटर. तिसऱ्यात हवामान खात्याचा अंदाज, त्यालाही तीच शिस्त. चौथा रकाना दिवाळीपर्यंत रिकामा. दिवाळीत काका, आजोबा, सगळे बसलेले असताना तो भरा. कुणाला खोटं पाडायला नाही. 'आपण ऐकलं काय होतं आणि समजलो काय होतो' हे एकदा कागदावर दिसलं, की पुढच्या जूनमध्ये बियाण्याची पिशवी फोडताना हात जरा विचार करून चालेल.

आणि तोवर पेरणीचा नियम एकच: पर्जन्यमापक बघा, ७५ ते १०० मिलिमीटर. ते व्हायच्या आधी कुणी कितीही छान शब्दात सांगितलं, तरी थांबा.

तुमच्या गावात घटाच्या वस्तूंना, नक्षत्रांना, पावसाला अशी कोणती खास नावं आहेत, त्यांचा अर्थ घरातली म्हातारी माणसं काय सांगतात, ते रेकॉर्ड करून ठेवा. माणूस गेला की शब्दकोश जातो, आणि मग उरतात ती नुसती न वाचता येणारी अक्षरं. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.